रत्नागिरी बघायची, पण भरती-ओहोटी विचारून

स्टँडवर उतरलेला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, "गणपतीपुळ्याची गाडी कुठं लागते?" शहर बसवर वाहक म्हणून मी अठरा वर्षं काढली. त्यात हे किती वेळा ऐकलं याची गणती नाही. हात करून गाडी दाखवायची, पण मनाला लागायचं. पुळ्याचा गणपती आमचाही आहे, दर्शनाला जाऊच नका असं कोण म्हणेल? पण ज्या गावात उतरलात ते गाव दोन दिवस बघण्यासारखं आहे, आणि ते न बघताच माणसं पुढे जातात. निवृत्तीनंतर नातेवाईक, मुलीच्या सासरची माणसं, जुन्या प्रवाशांची मुलं अशा कितीजणांना मी हे गाव फिरवलं. त्यातून जे जमत गेलं ते इथे सांगते.

सगळ्यात आधी तिथी बघा. रत्नागिरीत कुठं जायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कधी जायचं तेच चुकतं. दुपारी बारा वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पाय भाजून घेतात, आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर पोचेपर्यंत माशांचा लिलाव संपून नुसता ओला धक्का उरलेला असतो. माझं माहेर फणसोपचं. समुद्राची वेळ काढायला आमच्या आजोबांनी शिकवलेला हिशोब असा: त्या दिवसाच्या तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तशीच रात्री तीनला. अष्टमीला आठ पाऊण सहा. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण फिरायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

याचा उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळपास आलात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी सापडते. ती संध्याकाळ भाट्याला द्या, वाळू लांबलचक उघडी पडलेली असते. अष्टमीच्या आगेमागे आलात तर संध्याकाळी पाणी वर असतं. तेव्हा मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसा. बाकीच्या गोष्टी या दोन्हींच्या मध्ये बसवायच्या.

आता यायचं कसं. रेल्वे स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे, गावापासून पाच-सहा किलोमीटर. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालात तर पहाटे अंधारातच उतराल. स्टेशनबाहेर रिक्षा असतात. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, नंतर वाद नको. दिवस उजाडल्यावर पोचत असाल तर बस घ्या. कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, असं करत गाव हळूहळू तुमच्यासमोर उतरत जातं. हे उतरणं शब्दशः आहे. रत्नागिरी वरच्या कातळावर सुरू होते आणि समुद्राकडे खाली येत जाते. मारुती मंदिराच्या बाजूला नवी वस्ती, रुंद रस्ते, दवाखाने, शिकवण्या. जयस्तंभाच्या खाली जुनं गाव, आळ्या, नाके, चिऱ्याच्या भिंती. राहायला जागा घेताना हे लक्षात ठेवा. खाली राहिलात तर निम्मं गाव पायी होतं. सुटे पैसे जवळ असू द्या. सकाळच्या पहिल्या फेरीला पाचशेची नोट पुढे आली की वाहकाचा जीव कसा होतो ते मला माहीत आहे.

पहिली सकाळ जुन्या गावाला द्या, आठच्या आत. दुकानं उघडायच्या आधी राम आळी, मारुती आळी, गोखले नाका हा भाग शांत असतो, आणि जुन्या घरांच्या लाकडी गॅलऱ्या, कौलांच्या उतरत्या पाख्या नीट दिसतात. नऊनंतर वर बघायला फुरसत मिळत नाही. इथून टिळक आळीला जा. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, याच घरातला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. मूल दहा वर्षांचं झालं तेव्हा बिऱ्हाड पुण्याला गेलं. घर मोठं नाही. अंगण, ओटी, उतरतं छप्पर, आतला गारवा. माणसं फोटो लावलेल्या खोल्या भराभर बघून बाहेर पडतात. तसं करू नका. पडवीत दोन मिनिटं थांबा. कोकणातलं मध्यम घर उन्हाळ्यात गार कसं राहतं ते तिथे कळतं, आणि आता अशी घरं गावात थोडीच उरली आहेत.

तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि त्याच काळात, १९३१ मध्ये, हे मंदिर उभं राहिलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. गरिबीतून वर आलेला रत्नागिरीचा माणूस, मुंबईत मोठा कंत्राटदार झाला, आणि कोणत्याही जातीच्या माणसाला गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ त्याने आपल्या गावात बांधलं. आत लक्ष्मी-नारायण आहेत. आज आपण सगळे सहज आत जातो, म्हणून त्यात काय विशेष असं वाटतं. मी माझ्या नातीला गाभाऱ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, तुझ्या पणजीच्या लहानपणी देवळाच्या पायरीवरून माणसं परत पाठवायचे. ती बराच वेळ गप्प होती. मुलं बरोबर असतील तर एवढं सांगाच.

शिमग्याच्या दिवसांत येणार असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि श्री देव भैरीची पालखी बघा. बारा वाड्यांचा हा ग्रामदेव. पालखी झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या ओट्यावर, येते, आणि त्या दिवसांत मुंबईची सगळी चाकरमानी मंडळी गावात असतात. तेव्हा खोली मिळणं कठीण, आधी ठरवा.

दुपारी ऊन चढलं की थिबा राजवाडा. दोन-अडीचला पोचा, निदान दीड तास हाताशी ठेवा. सोमवारी बंद असतो, म्हणून वार बघूनच आखणी करा.

या राजवाड्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची, राजधानी मंडाले घेतली आणि तिथल्या राजाला, थिबाला, उचलून आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. मुद्दाम इथे आणलं, कारण तेव्हा रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटही बंद, म्हणजे राजा जगापासून तुटलेला. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहाला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं. इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे राजा चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत राहिला आणि स्वतःच्या म्हणाव्या अशा घरात जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथलीच होऊन राहिली.

आत पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे, मूर्ती आणि शिल्पं आहेत, ती बघाच. पण मी पाहुण्यांना आधी वरच्या मजल्यावर नेते. अर्धगोल खिडक्या, सागवानी नक्षी, वर रंगीत काचा. तीनच्या पुढे ऊन पश्चिमेकडे वळलं की त्या काचांमधून लाल-निळे तुकडे फरशीवर पडतात आणि हळूहळू सरकत जातात. माझ्या व्याह्यांना मी तिथे उभं केलं होतं. नागपूरचे, समुद्र पहिल्यांदाच बघायला आलेले. ते म्हणाले, "ताई, या खिडकीतून रोज समुद्राकडे बघताना त्या माणसाला काय वाटत असेल?" मी बसमधून हजार वेळा या राजवाड्यावरून गेले होते, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या दिवसापासून मी समाधीलाही जाऊ लागले. शिवाजीनगर भागात आहे, वस्तीच्या आत. रिक्षावाल्याला "थिबा राजाची समाधी" म्हटलं की कळतं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास तिथे येऊन गेले. बघायला मोठं काही नाही, पण राजवाडा बघून समाधी न बघणं म्हणजे गोष्ट अर्धी ऐकून उठणं.

राजवाडा बंद झाला की तिथून जवळच थिबा पॉइंट. खाली काजळी नदीची खाडी, राजिवडा, तिथल्या होड्या, भाट्याचा पूल आणि पुढे उघडा समुद्र. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. होड्या कोणत्या दिशेला तोंड करून आहेत बघा. भरती असेल तर नांगरलेली होडी समुद्राकडे तोंड करते, ओहोटी लागली की वळते आणि खाडीकडे करते. सकाळी मांडलेला तिथीचा हिशोब बरोबर आला की नाही, ते इथूनच कळतं.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत रत्नदुर्ग. सात वाजता वर असाल असं निघा. गाडीरस्ता थेट जवळ जातो, शेवटी थोड्या पायऱ्या. तिन्ही बाजूंनी समुद्र. शिवाजी महाराजांनी १६७० च्या सुमारास हा किल्ला स्वराज्यात आणला. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे, म्हणून आम्ही याला भगवती किल्लाच म्हणतो. नवरात्रात इथे पहाटेपासून बायका अनवाणी चढताना दिसतील. देवीचं दर्शन घेऊन लोक परत फिरतात, पण तटावरून चालत रेडे बुरुजापर्यंत जा. तिथून एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर आणि मिऱ्याचा डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला दीपगृहाची टेकडी आणि खुला समुद्र. तटाच्या कडेला कठडा सगळीकडे नाही. लहान मुलाचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्यांना आधीच हाक मारून थांबवा. दीपगृह वेगळ्या टेकडीवर आहे. आत सोडण्याची वेळ ठरलेली असते, खालीच विचारून घ्या, नाहीतर उन्हात चढून दार बंद बघावं लागतं.

किल्ल्यावरून उतरताना झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. कोकण कृषी विद्यापीठाचं. देवमाशाचा सांगाडा बघितल्यावर मुलं त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजतात. मोजू द्या. जिवंत मासे, कासवं, शिंपले, सगळं आहे. तासभर पुरतो.

दुपारी जेवा आणि पडा. खरंच पडा, कारण चारनंतर मिरकरवाडा आहे आणि तिथे थकून जाऊन चालत नाही.

मिरकरवाड्याला जाताना जुनी चप्पल घाला, साडी किंवा पँट वर घ्या, पिशवी रिकामी ठेवा. जमीन ओली असते, खवल्यांनी निसरडी. बोट लागली की खलाशी पाट्या आणि टप खाली देतात, धक्क्यावर राशी पडतात: बांगडा, तारली, म्हाकूल, कोळंबी, आणि नशीब असेल तर सुरमई. राशीभोवती माणसं गोळा होतात. पुकारणारा आकडा बोलतो, कोणी मान हलवतं, कोणी बोट वर करतं, आकडा चढतो, आणि तुम्हाला कळायच्या आत रास विकलेली असते. बायका लगेच टोपलीत भरायला लागतात. मागे बर्फ फोडल्याचा आवाज, वर घारी. या राशीत मध्ये घुसू नका. ती माणसं पहाटेपासून उभी आहेत, त्यांचा पोटाचा व्यवहार चालू आहे. बाजूला उभं राहून बघा. फोटो काढायचा तर आधी विचारा, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

तुम्हाला घ्यायचा असेल तो मासा लिलावात नको, बाजूला वाटे मांडून बसलेल्या बायकांकडून घ्या. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. तपकिरी असेल तर तो कालचा. डोळा स्वच्छ आणि वर आलेला हवा, खोल गेलेला, पांढुरका नको. बांगड्याच्या पोटावर बोट दाबा, खड्डा राहिला तर ठेवून द्या. एवढं तुम्हाला येतं हे दिसलं की मावशीचा सूर बदलतो. "घे गो बाय, आत्ताच बोट लागलीय," म्हणत ती खालच्या टोपलीतला वाटा काढते. भाव करा, पण रडवू नका. मासा साफ करून घ्या, आणि राहता तिथे करून देतात का ते सकाळीच विचारून ठेवा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा इथे यायची घाई करू नका. त्या दिवसांत होड्या वर ओढून शाकारलेल्या दिसतात आणि जाळी विणण्याचं काम चालतं, तेही बघण्यासारखं आहे.

मिरकरवाड्याहून मांडवी जवळच. इथली वाळू काळी. तिच्यात इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, म्हणून. मूठभर वाळू घेऊन उन्हात धरलीत तर चमकते. धक्क्याच्या तोंडाशी कमान आहे, तिला गेटवे ऑफ रत्नागिरी म्हणतात. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. बोटीने गावी यायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, शिमग्याचे कपडे सगळं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, काठाला यायचं. आई आम्हा भावंडांना घेऊन फणसोपहून पहाटे निघायची. धक्क्यावर संध्याकाळी आता भेळ, कणसं, मुलांच्या सायकली. गर्दी असते ती गावातल्याच माणसांची, आणि तीच मला आवडते. धक्क्याच्या टोकाशी बसलात तर पाठीमागे गाव, उजवीकडे किल्ल्याची सोंड, डावीकडे लांब भाट्याचं सुरूचं बन.

भाट्याला जायचं ते पूल ओलांडून. पुलाखालून खाडी समुद्राला मिळते, आणि तिथेच मोठी चूक होते. पाणी शांत दिसतं म्हणून माणसं खाडीच्या तोंडाशी उतरतात. ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी एका दमात बाहेर जातं, पोहणाऱ्यालाही धरवत नाही. मी माहेरी जाताना त्या पुलावरून दोनदा गर्दी जमलेली बघितली आहे, आणि दोन्ही वेळा खाली कोणाची तरी आई रडत होती. पाण्यात जायचं तर खाडीपासून लांब, गुडघ्यापर्यंत, आणि भरती चढत असताना. पावसाळ्यात तर पाण्याला पायही लावू नका. बाकी किनारा चालायला फार सुंदर. सुरूच्या सावलीतून दक्षिणेकडे चालत गेलात तर टोकाला झरी विनायकाचं देऊळ. देवळापाशी गोड्या पाण्याचा झरा आहे, समुद्र एवढा जवळ असून. रस्त्याच्या कडेला नारळ संशोधन केंद्र. घरी अंगण असेल तर तिथून रोप न्या.

पांढरा समुद्र म्हणून मुरुगवाड्याच्या बाजूला आणखी एक किनारा आहे. माझ्या लहानपणी तिथे पांढरी वाळू पसरलेली असायची. लाटांनी किनारा खाल्ला, आता दगडांचा बंधारा आहे. वेळ कमी असेल तर सोडा.

खाण्याचं थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर ओल्या काजूची उसळ मागा, इतर दिवसांत मिळेल ती खरी नव्हे. सकाळी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. मासे खात नसाल तर कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी, उपाशी राहणार नाही. हापूस पाहिजे तर एप्रिलच्या सुरुवातीला घाई करू नका, अक्षय्य तृतीयेनंतर भाव उतरतो आणि चवही भरते. पेटी घेताना वरचा थर बघून पैसे देऊ नका, खालच्या थरातला एक आंबा काढून देठाशी वास घ्या. वास आला नाही तर तो बहुतेक पावडर लावून पिकवलेला. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ बाजारपेठेत घ्या, हायवेवरच्या दुकानांत तेच जास्त भावाने मिळतं.

तिसरा दिवस हातात असेल तर मात्र बाहेर पडा. उक्षीला कातळावर कोरलेला हत्ती आहे, माणसांनी हजारो वर्षांपूर्वी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खोदलेला. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा, तिरप्या उन्हातच रेषा उठून दिसतात. भर दुपारी समोर उभं राहूनही हत्ती दिसत नाही, नुसता कातळ दिसतो. आणि मग परत येताना, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे करा. पंचवीस किलोमीटर, बराचसा रस्ता समुद्राच्या काठाने. बसमध्ये जाताना डावी खिडकी धरा.